उंच गेलो आणि सोलापूर हरवलं

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. कोल्हारला भागिरथीबाई साळव्यांच्या अंगणात मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही तर कपडे वाळत घालायची तार! तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी नेमका कोण, हे मलाही अजून नीटसं उमगलेलं नाही.

माझा जन्म नगर-मनमाड रस्त्यावरच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातला. तांब्याची तार म्हणून विहिरीवरच्या मोटारीत बसायचं आणि पाणी उपसायचं, असं माझं नशीब ठरलेलं होतं. पण एके दिवशी भागिरथीबाईंचा मुलगा प्रवीण दुकानात आला. तो हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि रीतसर सरकारी लायसन्स काढून घरून वायरलेसवर बोलायचा. अशा हौशी लोकांना हॅम म्हणतात. त्यानं माझे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे घेतले, मधे प्लॅस्टिकचा ठोकळा घालून जोडले आणि ठोकळ्यापासून एक केबल टेबलावरच्या सेटपर्यंत नेली. मोटारीत जायचा तो मी हवेत लटकलो. गोंधळाला तिथूनच सुरुवात झाली.

पहिली दोन वर्षं मी अंगणावरच होतो, एक टोक घराच्या छपराला आणि दुसरं शेवग्याला. भागिरथीबाईंनी काठीनं लुगडं वर सारलं की ते बरोबर माझ्यावर येऊन बसे.

"आई, हा अँटेना हाय, दोरी न्हाई!" प्रवीण करवादायचा.

"मंग बोल की तू. माजी लुगडी काय तुजं बोलनं आडिवत्यात व्हय?"

आणि खरंच, काही अडत नव्हतं. सोलापूर, लातूर, परभणी, सगळीकडचे हॅम ओसरीवर बसून बोलल्यासारखे ऐकू येत.

मग प्रवीणनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं की अँटेना जितका उंच, तितका त्याचा पल्ला लांब. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा छगन माझं एक टोक घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. दुसरं टोक त्यानं पलीकडच्या नारळाच्या शेंड्याला बांधलं. जमिनीपासून तब्बल साठ फूट!

"सर, हितनं परवरा नदी दिसती!" छगन वरून ओरडला.

मला तर त्याहून पुढचं ऐकू येऊ लागलं. आठवड्यात जपान आला, मग रशिया, मग ऑस्ट्रेलिया. बोलणं झाल्याची पोच म्हणून तिकडच्या हॅमांची रंगीत कार्डं पोस्टानं येऊन भिंतीवर लागली. शाळेची पोरं माना मोडेस्तोवर माझ्याकडे बघायची. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? सोलापूर तेवढं बारीक झालं होतं आणि लातूर लागेनासंच झालं. पण जपान मिळाल्यावर लातूरची चौकशी कोण करतो? प्रवीणनं केली नाही आणि मीही नाही.

त्याच उन्हाळ्यात प्रवीणची धाकटी बहीण प्रज्ञा नर्स झाली. तिची नेमणूक लागली किल्लारीजवळच्या एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरअखेर तिकडे भूकंप झाला. गावंच्या गावं पडल्याची बातमी आली आणि फोन लागेना. भागिरथीबाईंनी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की सोलापूरचे हॅम बॅटरीवरचे सेट घेऊन तिकडे पोहोचलेत आणि सापडलेल्या माणसांची नावं सांगताहेत. प्रवीण सकाळपासून सेटला चिकटला.

मी जीव तोडून ऐकत होतो. जपान खणखणीत येत होता. एका रशियनानं तर प्रवीणलाच विचारलं, "तुमच्याकडे भूकंप झाला म्हणे, काय बातमी आहे?" आणि तिथे, अडीचशे किलोमीटरवर, कुणीतरी नावं वाचत होतं, त्यातलं मला नुसतं गुणगुणणं ऐकू येत होतं. हजारो कोसांवरचं ऐकणाऱ्याला शेजारचं ऐकू येऊ नये? मला काही सुधरेना.

"छगन, आणखी वर घे!" प्रवीण अंगणातून ओरडला. छगननं दोन्हीकडे बांबू बांधून मला दहा फूट आणखी चढवलं. होती ती गुणगुणही मंदावली. प्रवीण डोकं धरून पायरीवर बसला.

भागिरथीबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आदी सोलापूरवालं बोलायचं ना रं? माजी लुगडी वाळायची तवा?"

"आई, त्याचा काय संबंध?"

"संबंध मला काय ठावं? तवा ह्यो खाली हुता, येवढं ठावं हाय. आन त्याला खाली."

"खाली घेतला तर हाय ते पण जाईल."

"काय हाय तुज्याकडं? जपान? जपानात माजी पोरगी हाय व्हय?"

प्रवीण पायरीवरून उठला. त्यानं छगनला खूण केली. छगननं दोर सोडले आणि मी खाली आलो, तोच शेवगा, तेच छप्पर. मला वाटलं, संपलं आपलं.

आणि सेटमधून स्पष्ट मराठी आवाज आला. नावं, गावं, एकामागून एक. प्रवीणनं बटण दाबून बहिणीचं नाव सांगितलं. "थांबा," तिकडून उत्तर आलं. तासाभरानं माझ्यातून एक थकलेला आवाज उतरला.

"आई, मी हाय. हात खरचटलाय नुसता. इथं लई मानसं हायेत, मला जायचंय. बोलून झालं की ओव्हर म्हनायला सांगितलंय. ओव्हर."

प्रवीणनं माइक आईपुढे धरला. त्या माइकवर वाकल्या. आणि एवढंच विचारलं, "जेवलीस का? ओव्हर."

पुढे प्रवीणनं पुस्तक पुन्हा वाचून वर्गात फळ्यावर समजावलं म्हणे. माझ्यातून निघालेल्या लहरी खालच्या जमिनीवर आपटून परत येतात आणि सरळ वर निघालेल्यांना मिळतात. मी खाली असलो की त्या मिळून डोक्यावर जातात आणि आभाळातून जवळपासच उतरतात. फार उंच असलो की डोक्यावरच्या एकमेकींना मारतात आणि आडव्या जाणाऱ्या लांब पळतात. ऐकू येतं तेही याच वाटांनी, म्हणून मी उंच असताना जवळचं हुकलं. पोरांना समजलं असेल. माझ्याखालची माती मी काय ऐकायचं ते ठरवते, याचा मला अजून अचंबा वाटतो.

आता सहा वर्षं झाली. प्रवीणची बदली नगरला झाली, सेट तिकडे गेला. मी मात्र इथेच आहे, केबल कापलेला. मित्रांनो, कुणाला उंच चढवाल तर जरूर चढवा. पण खाली कुणाचं ऐकायचं राहून गेलं का, तेवढं बघा. आणि माझ्यासारखी जुनी तार दिसली तर भंगारात घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

भागिरथीबाई माझ्यावर लुगडी टाकतात, चादरी टाकतात, ओली गोधडीसुद्धा टाकतात. मधला ठोकळा तेवढा मोकळा ठेवतात. परवा शेजारीण तिथे टॉवेल टाकायला गेली, तर तिचा हात धरून म्हणाल्या, "तितं नगं, बाई. तितनं माजी पोरगी बोलली हुती."