गळ्यात पडलेली चकती

मी चकती बोलतेय. लाकडाची, बशीएवढी, वर एक भोक आणि भोकात सुतळी. दिसायला काही खास नाही, पण जन्म मोठ्या घरचा. सरोवराकाठच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांची खुर्ची बनत होती, तिच्या उरलेल्या फळीतून सुतारानं मला कापलं. म्हणून मी स्वतःला त्या खुर्चीची सख्खी बहीण समजायचे. खुर्ची मला ओळख देत नसे, हा भाग वेगळा.

माझं काम सोपं होतं. शाळेत फक्त इंग्रजी बोलायचं. जो घरच्या भाषेत, म्हणजे धोलुओत, बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात मी. माझ्या पोटावर 'मी घरच्या भाषेत बोललो' असं इंग्रजीत कोरलंच होतं. मग त्यानं दुसरा कुणीतरी बोलताना पकडायचा आणि मला त्याच्या गळ्यात ढकलायचं. शेवटची घंटा होताना मी ज्याच्याकडे, त्याला छड्या. मग पोरं एकमेकांच्या सदऱ्यात पाली सोडायची. पाल अंगावर पडल्यावर इंग्रजीत किंचाळणारं पोर अजून जन्माला यायचंय.

सगळ्यात जास्त मी लोंबकळले ती ओचोलाच्या गळ्यात. त्याला गोष्टी सांगायची खोड. सुरुवात इंग्रजीत करायचा, पण तरसाची शेपूट दारात अडकली की त्याचा धीर सुटायचा आणि गाडी धोलुओत घसरायची. दुसऱ्यावर पाल सोडणं त्याला जमत नसे. गोष्ट अर्धी टाकून पाल शोधायला कोण जाणार?

एकदा छड्या चुकवायला तो मला गळ्यात घेऊनच घरी पळाला. त्याच्या आईला सगळे न्यार अलेगो म्हणत, म्हणजे अलेगो मुलखातली लेक. तिला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, पोरानं बक्षीस मिळवलं. तिनं मला तिळाचं तेल चोळलं आणि बाजाराच्या दिवशी माझ्यासकट त्याला मिरवून आणलं. मासळीवाल्या बायकांनी त्याला एकेक तळलेला मासा दिला. बाजारात वाचता येणारे दोघंच होते, ते गालात हसले आणि पुढे गेले. ओचोलानं मासे खाल्ले आणि तोंड मिटून घेतलं. मीही गप्प बसले. इतक्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता.

पुढे शाळेनं ती रीत सोडली आणि मी बेकार झाले. काही वर्षं पाण्याच्या माठावर झाकण होते, मग वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराखालची पाचर झाले. ओचोला मात्र नैरोबीला जाऊन मोठा लेखक झाला. चार कादंबऱ्या, चारही इंग्रजीत. न्यार अलेगोनं त्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. पाहुणे आले की ती त्यांना एकेक हातात धरायला द्यायची, बहुतेक वेळा उलटी.

साठी उलटल्यावर ओचोला गावी राहायला आला. शाळेत त्याचा सत्कार झाला तेव्हा त्यानं मला दाराखाली ओळखलं आणि हळूच कोटाच्या खिशात घातलं. घरी आईनं मला बघितलं मात्र, म्हणाली, "अरे, तुझं बक्षीस!" तेव्हा कुठे त्यानं खरं सांगितलं. म्हातारी उठून हातोडी घेऊन आली. मग तिनं दाराजवळ खिळा ठोकला आणि मला टांगलं.

"आजपासून या घरात जो इंग्रजी बोलेल, त्याच्या गळ्यात ही," ती म्हणाली. "आणि तू लिहिलेलं मला ऐकव. माझी ऐंशी झाली. मेल्यावर ऐकवणार आहेस का?"

ओचोला कामाला लागला, पण लिहायचं म्हटलं की त्याला इंग्रजीच सुचायची आणि धोलुओ घशात अडकायची. प्रकाशनवाल्या बाईंनी फोनवर विचारलं, असलं पुस्तक विकत कोण घेणार? त्यांच्याशी तो इंग्रजीत तावातावानं भांडला आणि दोन दिवस मला गळ्यात घालून हिंडला. आंघोळीलासुद्धा. मला पाण्याचा तिटकारा आहे, पण कायदा म्हणजे कायदा. शेवटी त्यानं आपली तिसरी कादंबरी घेतली आणि वर्षभर बसून ती धोलुओत लिहून काढली.

एका दुपारी अंगणातल्या आंब्याखाली वाचन ठरलं. न्यार अलेगो मधोमध बसली. तिची सवत अकेयो, म्हणजे ओचोलाची थोरली आई, आपलं स्टूल घेऊन आली. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी दोघींचं फारसं पटत नसे. ओचोलानं वाचायला सुरुवात केली. कादंबरीतली धाकटी बायको थोरलीच्या वाटणीचं माशाचं डोकं चोरून आपल्या पोराला खाऊ घालते. आळ येतो मांजरावर, आणि त्या बिचाऱ्याला होडीत घालून सरोवरापलीकडे सोडून देतात.

अकेयो सावकाश उठली. "म्हणजे माझ्या मांजरानं काही केलं नव्हतं?"

न्यार अलेगोनं मुलाकडे असं बघितलं की मला छड्या बऱ्या वाटल्या. ही गोष्ट परदेशातल्या लोकांनी पंचवीस वर्षांपूर्वीच वाचली होती. कळायचं राहिलं होतं ते फक्त या अंगणाला. आणि ओचोला घाबरला की काय करतो? हे सगळं काल्पनिक आहे, असं तो भराभर इंग्रजीत सांगू लागला.

न्यार अलेगो उठली, दाराशी येऊन तिनं खिळ्यावरून मला काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. मला वाटलं, संपलं आता वाचन.

"डोकं मीच चोरलं," ती अकेयोला म्हणाली. "पोराला ताप होता."

"मग मागायचंस की. दिलं असतं."

"तू दिलं नसतंस."

अकेयोनं जरा विचार केला. "नसतं दिलं," ती म्हणाली, आणि स्टूल पुढे ओढून ओचोलाच्या अगदी गुडघ्याशी बसली. "वाच रे पोरा. मांजराचं पुढं काय झालं?"

तर मंडळी, सध्या मी इथे आहे, ओचोलाच्या छातीवर. नववं प्रकरण चाललंय आणि दोन्ही म्हाताऱ्या त्याला मधेच थांबवून चुका काढताहेत. माझी एकच विनंती आहे. शिक्षा संपली असली तरी मला एवढ्यात काढू नका. इथून ऐकू छान येतं.