माझ्या तापाने अडवलेल्या बाटल्या

मी एक म्हातारा पांढरा ससा आहे. बंगळूरच्या एका रुग्णालयाच्या मागच्या अंगणात माझा जन्म झाला. तिथे सलाईन तयार होत असे. रुग्णाला देण्याआधी ते थोडं आम्हा सशांच्या कानातल्या शिरेत टोचत. आमचं अंग तापलं, तर त्या बाटल्या बाद.

आमची देखभाल सकवारबाई करायच्या. टोचताना त्या पदराने माझे डोळे झाकत. "स्वल्प थांब रे राजा, झालंच," म्हणत.

मित्रांनो, १९६२च्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. सकवारबाईंची लेक चंद्रा पटकी होऊन त्याच रुग्णालयात दाखल होती. सलाईन संपत आलं होतं. नवीन बाटल्या भरल्या आणि त्यातलं मला टोचलं. थोड्या वेळाने मला हुडहुडी भरली. कान गार पडले, अंग मात्र तापत चाललं.

प्रयोगशाळेतल्या विश्वेश्वरांनी तापमापी पाहिली. "अक्का, या बाटल्या देता येणार नाहीत."

"पाणी उकळलंय की, अण्णा. जंतू मेले असतील."

"मेलेत. पण त्यांच्या कवचाचे कण पाण्यात उरतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते ओळखतात आणि एक द्रव्य सोडतात. ते द्रव्य मेंदूला निरोप देतं, ताप चढव म्हणून. ससा सोसेल. चंद्रा आधीच सुकून गेली आहे, तिला नाही सोसवणार."

सकवारबाई माझ्याशेजारी बसल्या. लेक वॉर्डात होती आणि हात माझ्या पाठीवर. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पुन्हा करा. पण लवकर करा."

विश्वेश्वरांनी पाण्याची वाफ करून ते नव्याने गोळा केलं, म्हणजे कण मागेच राहिले. मग बाटल्या भरल्या, दुसऱ्या सशाला टोचलं. तोवर वॉर्डात तुंगाबाई नर्स उरलेली एकच बाटली पुरवून पुरवून देत होत्या. दुपार कलली, तरी त्या सशाला ताप चढला नाही. बाटल्या वॉर्डात गेल्या. दिवेलागणीला चंद्राने डोळे उघडले आणि आईला हाक मारली.

पुढे माझ्या कानाच्या शिरा कडक झाल्या. मी कामाचा राहिलो नाही. नवे ससे आले, माझ्या पिंजऱ्याकडे कुणी फिरकेना. तेव्हा सकवारबाईंनीच मला मागून घेतलं. आता मी के. आर. पुरमला त्यांच्या परसात असतो. चंद्रा मला कोथिंबिरीच्या काड्या भरवते.

मित्रांनो, औषध घेताना तोंड वाकडं करा, हरकत नाही. पण ते आधी सोसणारे मुके जीव असतात, हे विसरू नका. काम सरलेल्या जनावराला थोडी सावली आणि मूठभर चारा द्या. ते स्वतः कधी मागणार नाही.