चार पदरांची वाकळ

दत्तारामने पहिली वाकळ शिवून पुरी केली तेव्हा खोलीतल्या एकेकाने ती हातात घेतली, तोंडाशी धरली आणि हुंगली. वास येणार कसला, मिलच्या खळीचा! तरी रामजी म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"आवशीच्या हातची वाटता रे."

दत्ताराम खूश. झालं, धंदा सापडला.

परळची ती खोली म्हणजे देवगडाकडच्या एका वाडीची खोली. सगळे पुरुष, सगळे गिरणीत, बाई एकही नाही. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा. बायका गावाला. दत्तारामची बकुळा पण गावाला. शिमग्याला आणि गणपतीला भेटणार, मग परत बोट. लग्नाला चार वर्षं झाली आणि तिचा चेहरा त्याला धड आठवायचा नाही. आठवायचे ते हात. पडवीत पाय पसरून वाकळ शिवत बसलेली, सुई दातात, आणि म्हणायची, "जरा तो कोपरा धरा." चार पदर एकावर एक. तो कोपरा धरून बसायचा. तेवढाच काय तो त्यांचा संसार.

तिला मुंबईला आणायची तर खोली हवी. दत्ताराम बदली कामगार. गेटवर उभं राहायचं, कोणी आला नाही तर याला काम. तेवढ्यावर खोली कशी होणार? म्हणून हे वाकळेचं डोक्यात आलं. मिलचे तुकडे स्वस्तात मिळायचे, टाका बघून बघून शिकलेला. खोलीने एवढं कौतुक केल्यावर त्याने आणखी पाच-सहा शिवल्या.

एकसुद्धा खपली नाही.

"एक नंबर केलंस हां," म्हणायचे, आणि आपली जुनी चादर पसरून झोपायचे.

त्याला कळेना. आणि कोणी सांगेना. एका वाडीची माणसं, उद्या आजारी पडलो तर हाच पाणी देणार. त्याच्या वस्तूला तोंडावर नावं कोण ठेवणार? त्या खोलीत गावाकडून आलेली आंबलेली भाकरीसुद्धा गोड म्हणून खायची, अशी रीत.

शेवटी संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती कामगार मैदानावर, तिथे तो गठ्ठा घेऊन गेला. एवढी माणसं, कोणीतरी घेईलच. माणसं आली, त्याच्या वाकळा अंथरून आरामात बसली आणि भाषणं ऐकायला लागली. "मुंबई आमची!" म्हणून ओरडताना उठायची आणि परत त्याच्याच वाकळेवर टेकायची.

एकीवर रखमाबाई होती. त्याच्याच मिलमध्ये वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायची, राहायची नायगावच्या चाळीत. ती दिसायच्या आधी तिच्या घोषणा ऐकू यायच्या, असा आवाज.

"बसायला झकास आहे," सभा संपल्यावर ती म्हणाली. "घ्यायला नाही."

"का? काय वाईट आहे?"

"रविवारी ये माझ्याकडे. घेऊन ये."

तो गेला. तिने चहा दिला आणि नळाकडे बोट केलं.

"धू."

"मी?"

"मग कोण, मी? शिवलीस तू."

त्याने बुडवली. बाहेर काढायला गेला तर रेडकू उचलल्यासारखी जड. कशीबशी गॅलरीत टाकली. पाण्याची धार लागली खालच्या मजल्यावर, आणि खालून गंगुबाई ओरडली, "कोण मेला वर म्हैस धुतोय?" संध्याकाळ झाली, वाकळ ओली. दुसऱ्या दिवशी कामावरून परत गेला, तरी आतून ओली, आणि आता कुबट वास मारत होती.

"तुमच्या खोलीत एक उठतो, दुसरा पडतो," रखमाबाई म्हणाली. "घामाची ती. दर रविवारी धुवायला नको? वाळेपर्यंत झोपणारा काय उभा राहणार? आणि एवढी जाड वळकटी ठेवायची कुठे, टांगायची?"

"पण बकुळा अशीच शिवते."

"बकुळा गावाला आहे रे. झोपणारे इथे आहेत. काढ दोन पदर."

तो उठून निघून आला. रागच आला त्याला. आठवडाभर तिच्या खात्याकडे फिरकला नाही. राग वाकळेचा नव्हता. दोन पदर काढायचे म्हणजे बकुळेच्या हातातलं काहीतरी काढून टाकायचं, असं त्याला वाटत होतं. मग एका दुपारी एकटाच बसला आणि टाके उसवले.

रखमाबाईकडे परत गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बस." मग दोघांनी मिळून ठरवलं. दोन पदर. रुंदी एका माणसापुरती. वरचं कापड गडद, मळ दिसायला नको. गुंडाळून बांधायला नाड्या शिवलेल्याच. धुतली तर संध्याकाळी खडखडीत.

खोलीतल्याच तिघांनी घेतल्या. रामजीनेसुद्धा.

"आधीची जाड होती रे," तो हळूच म्हणाला.

"मग तेव्हा का नाय बोललास?"

"जीभ रेटूक नाय. आणि काय रे, नायगावात त्यांच्या चाळीत जाऊन बसतोस म्हणे? त्यांच्या हातचं पाणी चालतं तुला?"

"बसतो. चहा पण पितो. ज्या वाकळेवर तू झोपतोस ना, ती तिथेच सुधारली."

रामजीने वाकळ मात्र परत केली नाही.

धंदा लागला. परळलाच पोयबावडीला एका खोलीत पडदा लावून अर्धी जागा मिळण्याची बोलणी सुरू झाली. दत्ताराम सगळं रखमाबाईला सांगत होता, आणि तिने मध्येच विचारलं, "तिला दाखवलीस का?"

"कोणाला?"

"बकुळेला. तिच्या टाक्यावर धंदा करतोस, तिला आणायचं ठरवतोस. तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. भीती वाटत होती. तिने ती पातळ वाकळ बघून तोंड फिरवलं तर?

राजाराम, त्याचा खोलीतला दोस्त, वैशाखात एका लग्नासाठी गावाला निघाला होता. दत्तारामने बकुळेला दाखवायला त्याच्याकडे एक वाकळ दिली. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बोटीने राजाराम परतला. दत्ताराम भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभा होता. माणसं उतरली, फणस उतरले. राजाराम एकटाच उतरला.

"काय म्हणाली?"

"अरे, पाय तर टेकू दे!"

"सांग रे."

"हातात घेतली. उलटी केली. टाक्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, 'सुई लांब लांब टाकतात. कडेला उसवणार. कडा आत मुडपून दुहेरी शिवायला सांगा.'"

"आणि?"

"मी रखमाबायचं सांगितलं, ओलीचं सगळं. तर हसली वयनी. म्हणाली, 'माझ्या डोक्यातच आलं नसतं, इथे वाळवायला अख्खा कातळ आहे.'"

दत्तारामने त्याची ट्रंक डोक्यावर घेतली. थोडं चालून झाल्यावर विचारलं, "येते म्हणाली?"

"लावणी आहे. तुझी म्हातारी एकटी, तिला टाकून कशी येणार? गणपती झाले की बघू म्हणाली. पण पाव्हणी म्हणून बसायला नाय येणार. शिवायला येईन म्हणाली, त्या बाईसोबत."

गणपतीपर्यंत मध्ये अख्खा पावसाळा पडला होता. धक्क्यावर हमाल बोटीची दोरखंडं आवरत होते. दत्ताराम वळून समुद्राकडे बघत उभा राहिला. ट्रंक डोक्यावर तशीच.

"चल रे, भूक लागली," राजाराम म्हणाला.

"राजा, परत सांग ना. कशी उलटी केली?"

राजारामने त्याच्याकडे बघितलं. मग रस्त्यातच थांबला, खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांवर पसरला आणि सावकाश उलटा करून दाखवला.