सातवी कथा आणि रॅम डिस्क

सोनपेठच्या निवृत्त सिद्धलिंग मास्तरांना मुलाने पुण्याहून आपला जुना होम कॉम्प्युटर पाठवला होता. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. मास्तर इंग्रजी अक्षरांत मराठी कथा लिहीत आणि त्या रॅम डिस्कवर ठेवत. ही डिस्क म्हणजे यंत्राच्या आठवणीतच आखून घेतलेला कोपरा. वीज गेली की सगळं कोरं. फ्लॉपीवर उतरवणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पण आपलं लिखाण फ्लॉपीच्या लायकीचं आहे का, हे ठरवण्यातच सहा कथा गेल्या. त्यांचं मास्तरांना दुःखही नव्हतं.

रविवारी सकाळी सातवी पूर्ण झाली, आणि ही बरी असावी असा त्यांना पहिल्यांदाच संशय आला. तेवढ्यात मालिकेची वेळ झाली. उमादेवींनी नवऱ्याच्या कॉम्प्युटरची वायर काढून टीव्हीला अँटेना जोडली, कॉम्प्युटर तसाच चालू राहिला, गल्ली येऊन बसली. शेजारच्या धुरपताबाईंना उकडायला लागलं. पंखा लावायला त्यांनी कॉम्प्युटरच्या पिनेला हात घातला.

"थांबा!" मास्तर ओरडले.

मालिका सोडून तीस माना वळल्या.

"काय झालं मास्तर? करंट हाय का?"

"नाही. आत माझी कथा आहे."

"अगंबाई! मंग मालिका झाल्यावर वाचून दाखवा की. आमी समदे ऐकतो."

मास्तरांना एकदम कथेतली सगळी विशेषणं आठवली.

"तसं काही विशेष नाही," म्हणत त्यांनी स्वतःच पिन उपटली, पंख्याची बसवली आणि पंखा धुरपताबाईंकडे वळवून दिला.