पांढऱ्या पाण्याचा दमा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर नळीबाबा, पुढ्यात पेल्यांची रांग, पेल्यांत नितळ पाणी. धापा टाकणारं एकेक पोर पुढे येई, नळीतून पेल्यात फुंके, आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं!

"बघा, दमा बाहेर पडतोय!" बाबा गरजले. "आता ते औषध ओढायचे पंप टाका या पेटीत. पंप म्हणजे दम्याचा खुराक!"

टाळ्या. पंप खडखडत पेटीत.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचा रोजचा पंपही सासूबाईंनी असाच टाकला होता. मी शेजारी उभी होते, गप्प. चारपाच दिवस लेक छान खेळली. मग एका दुपारी तिच्या बरगड्या आत खेचल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर झाले. तिला छातीशी धरून मी इमर्जन्सीत धावले.

ती वाचली. दुसऱ्याच दिवशी आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन. इमर्जन्सीत दम्याचं मूल आलं की तिथून त्यांना कळवतात आणि त्या घरोघरी विचारपूस करतात.

"रोजचा पंप चालू आहे ना?"

मी रडत पेटीचं सांगितलं.

"अगं, या महिन्यातलं हे सहावं पोर! सहाही पंप त्याच पेटीत. पुढच्या सभेला येतेस माझ्याबरोबर?"

म्हणून आज आलो होतो. सासूबाईही होत्या, बाबांची बाजू घ्यायला. मी मंचावर चढले आणि नळी तोंडात धरली. पाणी पांढरं.

"मला दमा नाही, बाबा. कधीच नव्हता."

"लपलेला असतो, ताई."

"मग तुम्ही फुंका की!" सिस्टर खालून ओरडल्या.

"माझा श्वास शुद्ध आहे."

"मग घाबरता कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. बाबा दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "सरक गं. माझ्या सात पिढ्यांत दमा नाही." त्यांनी फुंकलं. पाणी पांढरं. पेल्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"आई, ही चुन्याची निवळी आहे," सिस्टर म्हणाल्या. "शाळेच्या पुस्तकातला प्रयोग. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मिसळला की पांढरी होते. कुणीही फुंका."

"पण पोर चार दिवस बरी होती ना?"

"आधीच्या औषधाचा असर उरला होता. तो संपला आणि दम लागला."

सासूबाईंनी बाबांकडे वळून एवढंच विचारलं, "माझी नात गेली असती तर?"

बाबा घाईघाईने पेले गोळा करू लागले.

मी सभेकडे वळले. "ज्या आयांनी पंप टाकले, त्यांना मी हसणार नाही, मीही त्यांच्यातलीच. पण आता गप्प बसणार नाही. उद्या सकाळी दवाखान्यात या. नवा पंप घ्या, तो ओढायचा कसा ते शिकून घ्या, आणि पोराला इमर्जन्सीत न्यावं लागलं तर तुम्हीही दवाखान्यात कळवा. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्यालाच फुंकायला सांगा."