उजव्या पायाचा बूट

तुम्ही जखमेवर लावायचं जेल शिजवलंत. शिजवून पातळ केलंत आणि वर शेरा मारलात, की जेल पातळ आहे. हे मी तुम्हाला तोंडावर बोलले होते. आता लिहून बोलते, कारण तोंडी बोललेलं तुमच्या कार्यालयात पंख्याच्या वाऱ्यावर उडून जातं.

मी बस चालवते. माझं पोट उजव्या पायावर आहे. ॲक्सिलरेटर तोच दाबतो, ब्रेक तोच मारतो. त्याच पायाच्या टाचेला साखरेच्या आजारानं जखम झाली आणि काही केल्या भरेना. मलमं झाली, पट्ट्या झाल्या. जखम आपली भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी ठाण मांडून बसलेली. सर्जन माणूस चांगला, पण गोड बोलणं त्याच्या गावीही नाही.

"ताई, आणखी खोल गेली तर घोट्याच्या वरून काढावा लागेल."

"काय काढावा लागेल?" मी विचारलं. जसं काही मला कळलंच नव्हतं.

माझी भाची संशोधन संस्थेत आहे. समुद्रातल्या शेवाळातून निघणारा डिंकासारखा पदार्थ आणि जिलेटिन, यांचं ती जेल बनवते. वरून बघाल तर घट्ट बसलेली जेली, आत मात्र बारीक जाळी. त्या जाळीत रोग्याच्याच कातडीतल्या जिवंत पेशी सोडायच्या. तिथे त्या तग धरतात, वाढतात. मग ते जखमेवर ठेवायचं. पेशी नवी कातडी धरतात आणि जेल हळूहळू विरून जातं.

"बांधकामाची परांची असते ना मावशी, तसं," ती म्हणाली. "भिंत उभी राहिली की परांचीचं काम संपलं."

सर्जनच्या हॉस्पिटलात चाचणीची सगळी तयारी होती. मला घेणार होते. माझ्यासोबत ड्रेसिंगच्या बाकावर बसणाऱ्या सुतारालाही घेणार होते, त्याच्या उजव्या पायाच्या तळव्याची तीच गत होती. अडलं होतं फक्त तुमच्या तपासणी कार्यालयाच्या मंजुरीपाशी.

तुम्ही जेल नापास केलंत. भाचीनं नवं बनवलं, तेही नापास. शेरा तोच, 'आकार धरत नाही.' लहानपणापासून कुणाचं ऐकून न घेणारी ही पोरगी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "मावशी, माझंच काहीतरी चुकतंय गं." आणि तिकडे तिच्या प्रयोगशाळेत, त्याच घाण्यातलं जेल बोटानं दाबलं की टुणकन वर येत होतं. तुमच्या दारात गेलं की त्याचं पाणी!

जखमेला तुमच्या शेऱ्याशी काय देणंघेणं? सुताराची वर चढली. त्याचा पाय काढला.

मी भेटायला गेले तर तोच मला हसवायला बघत होता. "मावशी, पायाचा नंबर काय तुमचा?"

"का रे?"

"बूट नवेकोरे घेतले होते. डावा मी वापरीन. उजवा बसून खातोय, तुम्ही न्या."

"गप बस मेल्या," मी म्हटलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

त्याच आठवड्यात भाची तुमच्या कार्यालयात जाऊन उभी राहिली. माझ्यासमोर तपासा, नाहीतर मी इथून हलत नाही, म्हणाली. तुमच्या माणसानं डबा उघडला, आतल्या बाटल्या काढल्या आणि सरळ दाबाच्या वाफेच्या मशीनमध्ये सरकवायला लागला.

"अहो, हे काय करताय?"

"निर्जंतुक करतोय. आधी वाफ, मग तपासणी. नियम आहे."

"ते निर्जंतुकच आहे! पातळ असतानाच बारीक गाळणीतून काढलंय, जंतू त्यातून पार होत नाहीत. वाफेनं हे मोडतं. डब्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, तापवू नका म्हणून!"

"डब्यावरचं कोण वाचतं मॅडम? डबा आम्ही टाकून देतो."

घ्या. एवढी मोठी इमारत, दारावर एवढी मोठी पाटी आणि आत वाचायला माणूस नाही.

मग तुमच्या मोठ्या साहेबांपुढे बैठक झाली. मी कुबड्या घेऊन गेले. रोग्याला आत घेता येत नाही, असं शिपाई म्हणाला. मी म्हटलं, पाय बाहेर ठेवून येऊ का? त्यानं दार सोडलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. स्टीलच्या स्क्रूला तोच, तुमच्या जेललाही तोच."

भाचीनं समजावलं. हे पदार्थ निसर्गातले. त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात, त्या कडक वाफेत तुटतात. जंतू आहेत की नाहीत ते जरूर तपासा, हवं तितकं तपासा, पण आधी मोडून मग मोजू नका.

साहेब हसले. "जे एवढी उष्णता सोसत नाही, ते माणसाच्या अंगात काय टिकणार?"

माझ्याच्यानं राहवेना. "साहेब, तुम्ही तरी सोसाल का? बसा त्या मशीनमध्ये. धड बाहेर आलात तर हा पाय मी आत्ता कापून देते. अंडं उकडायचं आणि वर विचारायचं, पिल्लू का नाही निघालं!"

मागे कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. तो डबे टाकून देणाराच होता.

भाचीनं पिशवीतून एकाच घाण्यातल्या दोन बाटल्या काढल्या. एक तुमच्याच मशीनमध्ये गेली. थंड झाल्यावर दोन्ही ताटल्यांत उलट्या केल्या. वाफ खाल्लेलं जेल ताटलीभर पसरलं, काठावरून ओघळलं आणि साहेबांच्या बाहीपर्यंत पोचलं. दुसरं ऐटीत उभं. भाचीनं त्यावर वजन ठेवलं, ते दबलं. वजन उचललं, ते पुन्हा वर आलं. जंतूंची तपासणी व्हायला थोडे दिवस गेले, पण एकाही जंतूचा मागमूस निघाला नाही.

मंजुरी आली. सोबत 'प्रक्रियेत सुधारणा करण्यात आली आहे' असं एक वाक्य आलं. चुकलो, हा शब्द तुमच्या टाइपिंगच्या मशीनवर नसावा.

माझ्याच मांडीची चिमूटभर कातडी घेऊन भाचीनं त्यातल्या पेशी जेलमध्ये वाढवल्या. सर्जननं ते टाचेवर बसवलं. पुढे दर वेळी पट्टी सुटली की मी छताकडे बघायचे. एकदा अशीच पट्टी सुटली आणि तो गोड न बोलणारा सर्जन नर्सना ओरडून म्हणाला, "अगं या, या सगळ्या, बघा तरी!" मीही बघितलं. कडेनं गुलाबी कातडी आत सरकत होती, खोल खड्डा भरत आला होता. दारात भाची डोळे पुसत होती.

"काय गं, तू का रडतेस? टाच माझी आहे."

"जेल माझं आहे, मावशी!"

टाच पुरती भरली. डॉक्टरांनी हर तऱ्हेनं तपासून मला परत गाडीवर बसवलं. टाचेला ऐसपैस बूट हवा होता, माझे जुने चावायचे. सुताराचा उजवा बूट पट्टी बांधल्यासारखा बसला. तोच घालून मी पहिल्या दिवशी ब्रेक दाबला. बस जागच्या जागी थांबली आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

माझी बस तुमच्या दारावरून जाते. तिथे मी हॉर्न दाबून धरते.

"मावशी, इथे स्टॉप नाही," कंडक्टर ओरडतो.

"ठाऊक आहे. आतल्यांना जागं करतेय."

तर आता सांगा. आमच्या आधी त्या मशीनमध्ये कुणाकुणाचं काम शिजलं? नापास केलेल्यांतलं खरोखर वाईट किती होतं आणि तुम्ही वाईट केलेलं किती? ज्याचा बूट घालून मी गाडी चालवते, त्याच्या पायाचं काय? तो हसत विचारतो, मी हसत विचारत नाही. हॉर्न रोज वाजेल. उत्तर द्या.