एकशे बारावी फेरी

कोल्बी, तू म्हणालास, डीनआजी, एका पानात बसव. नव्या शेडमध्ये पाहुणा शिरला की समोरच्या भिंतीवर दिसेल असा आपल्या रेसिंग टीमचा इतिहास हवाय तुला. स्थापना १९६६, तीन अजिंक्यपदं, सदुसष्ट विजय, आज कामाला बासष्ट माणसं. झालं की. एवढं तुझ्या ऑफिसातलं कुणीही लिहील. मला सांगितलंस तर मी मला येतं तसंच लिहिणार. फेरी, वेळ, आणि त्या वेळी काय झालं ते.

एकच शर्यत लिहिते. सदुसष्टातल्या बाकीच्या सहासष्ट त्यातून निघाल्या.

फेरी १. २:००:२६

केन क्रीकचा ट्रॅक, अर्ध्या मैलाचा. ऑक्टोबर १९६९, पहिला रविवार, चर्च आटोपून दुपारी. तुझा आजोबा गार्विन टेश, म्हणजे माझा थोरला भाऊ, स्वतः गाडी बांधायचा आणि स्वतःच चालवायचा. दारावरचा ४६ आकडा मी स्वयंपाकघरातल्या ब्रशने रंगवला होता. सहा जरा पोट सुटल्यासारखा आला होता.

आता गाडीच्या पोटाखाली डबी बसवतात, ती फेऱ्या मोजते. तेव्हा आम्ही मोजायचो. प्रत्येक टीमने आपली मोजणारी आणायची, कुणाची बायको नाहीतर बहीण. रेघेसमोरच्या माचावर लांब बाकावर अठ्ठावीस जणी, समोर एक मोठं घड्याळ. आपली गाडी रेघेवरून गेली की घड्याळातली वेळ कार्डावर लिहायची. लिहिली ती फेरी झाली. नाही लिहिली ती झालीच नाही.

फेरी २. २:००:५०

गेला. लिहिलं.

फेरी ३. २:०१:१४

गेला. लिहिलं. सगळ्या लिहीत नाही, घाबरू नकोस.

फेरी १९. २:०७:३८

शेजारी अर्लीन लॉफ्लिन. तिचा नवरा डॉइसही गाडी चालवायचा, आमचा कट्टर शत्रू. अर्लीन मात्र दर रविवारी माझ्यासाठी तळलेल्या बोलोनाचं, म्हणजे मांसाच्या चकत्यांचं सँडविच आणायची आणि ते खाऊ घालता घालता माझ्या भावाचा उद्धार करायची. त्या दिवशी म्हणाली, गार्विन वळणावर गाडी नेतो की गाय? मी म्हटलं, गायच आहे, पण तुझ्या नवऱ्याला तिचं शेपूट तेवढं दिसतंय.

फेरी ६०. २:२४:०२

दोन गाड्या भिडल्या, पिवळा झेंडा, म्हणजे बराच वेळ सगळ्यांनी हळू जायचं. गार्विन पिटात शिरला. चारही चाकं बदलली, टाकी भरली. आता शेवटपर्यंत आत यायचं नाही असं त्याने सकाळीच ठरवलं होतं.

सकाळी आणखी एक गोष्ट ठरवली होती. तीन हंगाम झाले, एक विजय नाही. फर्निचरच्या कारखान्यात करवतीवरची त्याची जागा फोरमनने सोमवारी सकाळी सातपर्यंत धरून ठेवली होती. जिंकलो तर नको, हरलो तर घेतो, असं गार्विन त्याला सांगून आला होता. हरला असता तर गाडी मंगळवारी विकली जाणार होती. गिऱ्हाईकही ठरलेलं. डॉइस लॉफ्लिन.

फेरी ६१.

इथे तू फोन केलास. अजून एकसष्टवरच आहेस का, म्हणून विचारलंस. गार्विनही पिटात असंच ओरडायचा. ठेव फोन.

फेरी १११. २:५६:१०

गार्विन पहिला, डॉइस अर्धी फेरी मागे. अर्लीनच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने काही मागितलं नाही, नुसता हात पुढे केला. बाकावर रीतच होती, शेजारणीची पेन्सिल मोडली तर आपली द्यायची. मग ती कुणाची का मोजणारी असेना. माझी हिरव्या शिशाची पेन्सिल, चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या हजेरीची, दोऱ्याने कार्डाखालच्या पाटीला बांधलेली. दोरा दातांनी तोडला, तिला दिली, आणि केसांत खोचलेला साध्या पेन्सिलीचा तुकडा ओढून काढला.

फेरी ११२.

फेरी ११३. २:५६:५८

मान वर केली तेव्हा गार्विनची गाडी तिसऱ्या वळणावर होती. घड्याळ पाहिलं आणि कळलं की एक हुकली. ओळ कोरी सोडली, पुढची लिहिली.

फेरी २००. ३:३१:५०

गार्विन पुढे, डॉइस दोन गाड्या मागे. शर्यत संपल्याचा चौकटींचा झेंडा गार्विनवर पडला. मी पाटी कवटाळून बसून राहिले. आमची माणसं खाली पिटात नाचत होती, मला एक कोरी ओळ दिसत होती.

पर्सेलसाहेबांची खोली. ४:१०

मिस्टर पर्सेल म्हणजे मोजणीचे मुख्य. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कधी आवाज न चढवणारा माणूस. कार्डं तपासली. माझ्या कार्डावर एकशे नव्याण्णव भरलेल्या, अर्लीनच्या कार्डावर दोनशे. म्हणजे जिंकला डॉइस.

मी म्हटलं, दोन नोंदींमध्ये अठ्ठेचाळीस सेकंद आहेत, आमची फेरी चोवीसची. डॉइस भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, बरोबरच आहे, गार्विन पेट्रोल घ्यायला आत गेला होता, त्यातच गेले चोवीस. गार्विनने सांगितलं, नाही गेलो. पण आपल्याच माणसाची साक्ष तिथे कुणी धरत नसे. गार्विनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कारखान्यात फोरमनसमोर बसतो तसा बसला होता.

मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. माझं १११पर्यंत हिरवं, मग करडं. अर्लीनचं आधी करडं, मग २:५६:४५ पासून हिरवं. मिस्टर पर्सेल यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी माझं कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"डीन, तुझी नजर का हटली ते कळलं. आता ती ओळ भर. मी सही करतो."

गार्विनने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सोमवार सकाळ होती.

"मी पाहिलेली नाही," मी म्हटलं. "जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. तीन वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही, म्हणून बाकीच्या एकशे नव्याण्णव खऱ्या आहेत."

"डीन," गार्विन हळू म्हणाला, "अगं, आकडा तर ठाऊक आहे ना."

"आकडा ठाऊक आहे. गाडी पाहिली नाही."

डॉइस हसला आणि दाराकडे वळला. अर्लीन वळली नाही. तिने माझी हिरवी पेन्सिल पर्समधून काढली, वाकली, आणि माझ्या कार्डावर कोऱ्या ओळीत लिहिलं.

२:५६:३५.

"मी पाहिला," ती म्हणाली. "ती दोरा तोडत होती, मी डॉइसची वाट बघत रेघेकडे बघत होते. शेचाळीस नंबर माझ्या डोळ्यांसमोरून गेला. आत वगैरे गेला नाही."

डॉइस म्हणाला, तू कुणाची बायको आहेस? ती म्हणाली, ते मला तोंडपाठ आहे, त्यासाठी कार्ड लागत नाही.

मिस्टर पर्सेल यांनी चष्मा वर सरकवला. नुसतं गणित करणाऱ्याने चौतीस लिहिलं असतं, पस्तीस का, त्यांनी विचारलं. घड्याळात पस्तीस होते म्हणून, अर्लीन म्हणाली. तेव्हा गार्विनने मान वर केली आणि सांगितलं. चौथ्या वळणावर एक मंद गाडी आडवी आली होती, त्या फेरीत त्याला अॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा लागला होता. सेकंदभर, तो पुढच्या फेरीत भरून काढला. हे त्याने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायला वेळच कुठे मिळाला होता.

मिस्टर पर्सेल यांनी सही केली.

सोमवार. ७:००

गार्विन कारखान्यात गेला, फोरमनशी हात मिळवला, आणि करवत दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगून आला. साडेसातला शेडमध्ये इंजिन उघडून बसला होता.

पुढच्या रविवारी अर्लीन नेहमीच्या जागी, नेहमीच्या सँडविचसकट. पेन्सिल तिने परत दिली नाही, मीही मागितली नाही. पुढे अकरा वर्षं डॉइसच्या फेऱ्या तिनेच लिहिल्या.

तर कोल्बी, भिंतीवर हे माझं पान लावू नकोस. पाकिटात मूळ कार्ड ठेवलंय, ते लाव. चौकट साधी कर, आणि काच अशी घाल की एकशे बाराव्या ओळीवर उजेड चमकणार नाही. अक्षर माझं नाही तिथे, ते वाचता आलं पाहिजे.